साडी टांगायची की ठेवायची

मिस्त्री कपाटाचं माप घ्यायला येणार होते त्या दिवशी आई गेली. सकाळी ती शाळेत शिकवायला गेली. तिने हजेरी घेतली, खुर्चीत बसली आणि उठली नाही. शाळेतून बाबांच्या ऑफिसात फोन गेला. बाबा दवाखान्यात पोहोचले तेव्हा ती गेलेली होती. मी कॉलेजात होते, दादा कंपनीत होता. संध्याकाळी आम्ही तिला नेलं.

मिस्त्रींना कुणी कळवलं नाही. ते कात्रजच्या नव्या फ्लॅटवर ठरल्या वेळी आले, आईची वाट पाहत बसले आणि शेवटी वॉचमनकडून किल्ली घेऊन स्वतःच भिंत मोजून गेले. काही दिवसांनी ते आमच्या क्वार्टरवर आले. दार मी उघडलं. ते जरा घुश्श्यातच होते. "ताई कुठं हायेत? मी तिकडं अर्धा दिवस बसलो. येणार नव्हतं तर सांगायचं ना," एवढं ते बोलले आणि माझ्या खांद्यावरून त्यांना टेबल दिसलं. टेबलावर आईचा फोटो होता, पांढऱ्या शेवंतीचा हार होता, मेणबत्ती होती. त्यांनी चपला काढल्या, आत आले, भिंतीला टेकून खाली बसले. ते मूळचे राजस्थानचे, पण इतकी वर्षं पुण्यात काढलेले की त्यांची मराठी आमच्या गल्लीतल्या कुणाही इतकी सरावाची होती. तरी त्या दिवशी त्यांनी नुसता चहा घेतला आणि मापाचा कागद फोटोशेजारी ठेवून गेले. तो कागद बरेच दिवस तिथेच होता. ये-जा करणाऱ्या बायकांना वाटायचं, काहीतरी विधीचं असेल. त्याला कुणी हात लावला नाही.

क्वार्टर म्हणजे टेलिफोन खात्याच्या वसाहतीतल्या दोन खोल्या. बाबा खात्यात होते. मी लहान असताना लोक फोनच्या नंबरासाठी बाबांना दादापुता करायचे, आणि मी कॉलेजात जाईपर्यंत कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे बूथ झाले होते. आता कुणी बाबांना विचारत नव्हतं, आणि त्याचं बाबांना बरंच वाटत असावं. ते निवृत्तीला आले होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावी लागते, म्हणून कात्रजला एक बेडरूमचा फ्लॅट घेतला होता. त्या वेळी तिकडे जायचं म्हणजे गावाला जायचं, असं आमच्या पाहुण्यांना वाटे. डेअरीच्या पुढे गेलं की रस्ता काळोखा व्हायचा आणि प्राणिसंग्रहालयाच्या बाजूने मोर ओरडायचे.

क्वार्टरमध्ये एक लोखंडी कपाट होतं. त्यात बाबांचे कागद, दादाची सर्टिफिकिटं आणि आम्हा तिघांचे कपडे. आईचे कपडे त्यात कधीच नव्हते. तिच्या साड्या कॉटखालच्या पत्र्याच्या पेटीत. रोज सकाळी ती गुडघ्यावर बसायची, पेटी ओढायची, हवी ती साडी तळाला असेल तर वरच्या सगळ्या मांडीवर काढायची आणि पुन्हा लावायची. फरशीवर पेटी सरकल्याचा आवाज झाला की मला जाग यायची. कितीतरी वर्षं मला तोच गजर होता. तिच्या साडीची घडीही त्या पेटीच्या मापाची होती, अरुंद आणि लांब. आमच्याकडे राहायला आलेल्या कुणाची साडी धुतली तरी ती तशीच घडी घालायची.

नव्या घराचं तिला कशाचंच वेड नव्हतं. ओटा कसला, फरशी कुठल्या रंगाची, हे तिने बाबांवर आणि दादावर सोडलं. तिला एकच गोष्ट हवी होती. बेडरूमच्या भिंतीत बसवलेलं कपाट. शाळेतल्या जोशीबाईंच्या घरी तिने ते पाहिलं होतं. बाईंनी कपाट उघडलं आणि आतून साड्या दुकानातल्यासारख्या ओळीने टांगलेल्या. आई घरी आली तेव्हा तिने चहा टाकता टाकता मला हे इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला वाटलं कुणाची तरी भानगड सांगतेय. म्हणाली, "घडीवर घडी पडते आणि साडी घडीतच विरते गं. टांगली की वर्षानुवर्षं टिकते. आणि मुख्य म्हणजे दिसते. माझ्याकडे काय काय आहे हे मलाच आठवत नाही." मग ती आणि मी दुपारी बसून कपाट आखायचो. दादाच्या आलेखवहीतला कागद, माझी पट्टी. एका बाजूला कप्पे, बाबांसाठी. दुसऱ्या बाजूला उभी मोकळी जागा आणि दांडा, तिच्यासाठी. वरती माळा, गोधड्यांना. एक कप्पा माझ्या पुस्तकांना, "पण जाड पुस्तकं नाहीत हं, फळी वाकेल." बाबांना तिने फक्त कपाट करायचं आहे एवढंच सांगितलं होतं.

ती गेल्यावर घर माणसांनी भरलं. माझी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, भवानी पेठेतून रोज येऊ लागली. येताना फडक्यात भाकरी आणि सुकटीची चटणी आणायची. शेजारच्या काकू खिचडी आणायच्या, वर तूप सोडलेली. मी दोन्ही जेवत होते. गरम आहे एवढं कळायचं, पुढचं काही नाही. लोक मला रडायला सांगत होते. एक बाई मला धरून इतक्या रडल्या की मीच त्यांना पाणी आणून दिलं. मला रडायला येत नव्हतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती. कान भरलेले असले की जसं सगळं लांबून ऐकू येतं तसं ते दिवस गेले. आज पन्नाशी उलटल्यावर ते आठवायला बसते तेव्हा माणसांचे चेहरे फारसे आठवत नाहीत. भांड्यांचे आवाज आठवतात, आणि परतलेल्या सुकटीचा वास.

पुण्यानुमोदनाच्या विधीच्या आदल्या दिवशी आत्याने बाबांना विचारलं, "वसंता, सुमनच्या साड्यांचं काय करायचं?"

बाबा खिडकीत उभे होते. "तू बघ," म्हणाले.

आमच्या नात्यात रीत अशी की ज्या बायकांनी शेवटची आंघोळ घातली, साडी नेसवली, त्यांना गेलेल्या बाईच्या साड्यांतली एकेक द्यायची. बाकीच्या मग बहिणी, जावा, भाच्या घेतात. दुसऱ्या दिवशी वंदना झाली, जेवणं झाली, आणि आत्याने पेटी ओढली. फरशीवर तो आवाज झाला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मी बाहेर आले नाही. आले तेव्हा पेटीत पांढऱ्या साड्याच राहिल्या होत्या. त्या कुणी घेतल्या नव्हत्या, कारण विहारात नेसायच्या पांढऱ्या साड्या प्रत्येकीकडे आपापल्या असतातच. बुद्धपौर्णिमेची निळ्या काठांची, रोजच्या वंदनेच्या सुती, आणि लग्नातली रेशमी. आत्याने त्या पुन्हा घड्या घालून ठेवल्या. तिच्या घड्या रुंद होत्या. पेटीचं झाकण लागेना, तेव्हा तिने वर पाय देऊन ते बसवलं.

दादाला अमेरिकेला जायचं होतं. त्याच्या कंपनीने त्याला पाठवायचं आई जायच्या आधीच ठरवलं होतं, आणि तारीख हलवता येत नव्हती, किंवा त्याने विचारलं नाही. तो त्या दिवसांत सतत काहीतरी निपटवत असे. दाखला, बँक, वीज मंडळ, गॅस. बुधवार पेठेत जाऊन बाबांसाठी घंटीचा आवाज मोठा येईल असा फोन घेऊन आला. मला तेव्हा त्याचा राग यायचा की नाही ते आठवत नाही. आता वाटतं, मी जशी ऐकू न येणारी झाले होते तसा तो थांबता न येणारा झाला होता. "जाण्याआधी फ्लॅटचं काम क्लोज करू," तो म्हणाला. "मिस्त्रीला रविवारी बोलावलंय."

त्या रविवारी आम्ही चौघं बसने कात्रजला गेलो. बाबा, दादा, मी आणि आत्या. आत्याने डबा घेतला होता. फ्लॅटमध्ये सिमेंटचा वास होता आणि बोललं की आवाज घुमत होता. मिस्त्री आधीच आलेले, बेडरूममध्ये फळीवर बसून बिडी ओढत. आम्हाला पाहून त्यांनी ती खिडकीबाहेर टाकली.

दादाने त्याचं आधीच ठरवलं होतं. त्याने कागद काढला. "बाबा, हे बघा. रूम लहान आहे. पूर्ण भिंत कपाटात गेली तर बेड टाकल्यावर चालायला जागा उरत नाही. अर्ध्या भिंतीत करू. तुमचं आणि सुजाताचं मावेल. बाकी जागेत टेबल बसेल तिला अभ्यासाला. प्रॅक्टिकल आहे."

"दोघांचं," बाबा म्हणाले.

"हो, तुमचं आणि सुजाताचं." दादाने माझ्याकडे बोट केलं.

"माझं आणि तिचं. सुमनचं."

दादाने कागद खाली केला. मग खालच्या आवाजात, एखाद्या आजारी माणसाला समजवावं तसं म्हणाला, "बाबा, आईचं आता काय ठेवायचंय?"

"साड्या आहेत."

"पाच-सहा आहेत. पेटीत मावतात."

"पेटी मी इथे आणणार नाही," बाबा म्हणाले. हे त्यांनी कधी ठरवलं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. "क्वार्टरमधून ती पेटी बाहेर गेली की भंगारात. पूर्ण भिंत करा मिस्त्री. अर्धी माझी, अर्धी तिची."

आत्या खिडकीच्या कठड्यावर बसली होती. ती म्हणाली, "कपाट बांधतोयस की विहार? पांढऱ्या साड्या काय, दारं काय. संध्याकाळी मेणबत्ती लावायला मी यायचं का?"

"तू ये नाहीतर नको येऊस."

"येईन. माझ्याशिवाय तुला भाकरी कोण घालतंय इतक्या लांब."

मिस्त्री या सगळ्यात उभेच होते. त्यांना भावाबहिणींची भांडणं रोजची असावीत. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, "मग साहेब, ताईंच्या बाजूला साडी टांगायची का ठेवायची? त्याप्रमाणे फळ्या पडतील."

"ठेवायची," बाबा म्हणाले. "ती घडी घालूनच ठेवायची. आयुष्यभर."

मला बोलता आलं असतं. शब्द माहीत होते, पण ते तोंडापर्यंत आणण्याचं काम कुणीतरी दुसऱ्याने करायचं आहे असं वाटत होतं. मिस्त्रींनीच केलं. "पण ताई तर टांगायची बोलल्या होत्या," ते म्हणाले. "ही बघा ना निशाणी." आणि त्यांनी भिंतीवर बोट ठेवलं. गिलाव्यावर पेन्सिलीची एक आडवी रेघ होती, आणि तिच्याखाली एक छोटी फुली.

"हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

"दांड्याची उंची. ताईंना मी इथं भिंतीसमोर उभं केलं, न ताणता हात पुढं करा म्हटलं. जिथं हात सहज आला तिथं निशाणी मारली. त्या बोलल्या, उगाच वर नको, मला स्टुलावर चढायला लावू नका."

बाबा रेघेकडे बघत राहिले. "ती इथे कधी आली होती?"

"ती गेली त्याच्या आधीच्या रविवारी," मी म्हणाले. "तुम्ही मामांकडे गेला होतात. आम्ही दोघी आलो होतो."

"मला नाही बोलली."

 बाबांनी पुन्हा तेच म्हटलं, पण या वेळी आम्हाला नाही. त्यांच्या आवाजात रागही नव्हता. ती गेल्याचं त्यांना तोवर सगळ्यांकडून कळलं होतं, दवाखान्यातून, शाळेतून, नातेवाइकांकडून. त्या वेळी मात्र असं दिसलं की आत्ता कुठे त्यांना काहीतरी नवीन सांगितलं गेलंय. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला साडी टांगायची होती, आणि हे मुलीला माहीत होतं, मिस्त्रीला माहीत होतं.

आत्या कठड्यावरून उतरली. "तुला बोलली असती तर तू काय म्हणाला असतास, सांगू?" आणि तिने बाबांचा आवाज काढला, मान जरा तिरकी करून, अगदी त्यांच्यासारखी. "'पेटीला काय झालंय? चांगली पेटी आहे.'"

बाबांच्या तोंडून एक आवाज आला. हसण्यासारखा होता. "हो," म्हणाले. "तसंच म्हणालो असतो."

मग ते तिथेच सिमेंटच्या पोत्यावर बसले. दादा पुढे झाला, "बाबा, पँटला लागेल," म्हणाला, आणि मग स्वतःच त्यांच्याशेजारी बसला, इस्त्रीच्या पँटमध्ये.  बाहेर मोर ओरडत होते. आत्याने डबा उघडला आणि भाकरीचे तुकडे करून प्रत्येकाच्या हातात दिले, मिस्त्रींच्याही. आम्ही भिंतीकडे तोंड करून जेवलो. त्या चटणीत मीठ जास्त होतं. हे मला कळलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मला कशाची तरी चव कळली होती, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

"इथेच लावा," बाबा उठताना म्हणाले, रेघेवर तळहात ठेवून. त्यांच्या छातीच्या जरा वर येत होती ती.

दादा म्हणाला, "बाबा, इतका खाली रॉड कुणी लावत नाही. पुढे तुम्हाला, सुजाताला वापरायचं झालं तर..."

"तुमचे शर्ट जमिनीला लागणार नाय साहेब," मिस्त्री म्हणाले, "पण वाकायला लागेल."

"माझे शर्ट कप्प्यात राहतील. हा दांडा तिचा आहे."

दादाने आपला कागद घडी करून खिशात ठेवला. 

कपाटाचं काम चाललं तेव्हा मी कॉलेज सुटल्यावर तिकडे जाऊन बसायचे. बाबांनी पाठवलं होतं, लक्ष ठेवायला, पण लक्ष ठेवायला मला काही कळत नव्हतं. रंध्याचा आवाज, सरसाचा उग्र वास, भुश्शाने पांढरी झालेली खिडकी. मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसायचे आणि तेच पान वाचायचे. घरी आल्यावर मात्र काम असायचं. मिस्त्रींनी विचारलं होतं, टांगलेल्या साडीला खाली किती जागा लागेल. ते आम्ही कधी मोजलंच नव्हतं. मी आईची निळ्या काठांची साडी काढली, काठाला काठ जुळवला, घडी केली, हँगरवर टाकली, हँगर दाराच्या कडीला अडकवला आणि पट्टीने मोजलं. रेशमी वेगळी लोंबते, सुती वेगळी, म्हणून एकेक करून सगळ्या मोजल्या. बाबा कॉटवर बसून पाहत होते. "ती कशी टांगणार होती?" त्यांनी विचारलं. "अशीच?" मी हो म्हणाले. मला माहीत नव्हतं. तिने आयुष्यात एकही साडी टांगली नव्हती.

आम्ही नव्या घरी गेलो त्या दिवशी बाबांनी आधी त्या पांढऱ्या साड्या टांगल्या. त्यांना ते जमेना. एक बाजू लांब व्हायची, घसरायची. मी मदत करायला गेले तर म्हणाले, "राहू दे, येईल मला." पेटी त्यांनी म्हटल्याप्रमाणे भंगारवाल्याला दिली, आणि तो जिना उतरेपर्यंत दारात उभे राहिले.

दादाची निघायची वेळ आली तेव्हा त्याने नवा सूट शिवला होता. चुरगळू नये म्हणून त्याने तो त्या दांड्याला लावला, साड्यांच्या शेजारी. जागा भरपूर होती. बाबा आत गेले, त्यांनी सूट काढला आणि पलंगावर नीट पसरून ठेवला. दादा दारात उभा होता, त्याने पाहिलं. जाताना त्याने तो सूट अंगातच घातला, उन्हाळ्याचे दिवस असून. विमानतळावर त्याच्या मानेवर घामाच्या धारा होत्या.

पावसाळ्याच्या आधी एकदा आत्या आली, आणि तिच्या पिशवीत आईची जांभळी साडी होती, तिच्या वाट्याला आलेली. ती थेट बेडरूममध्ये गेली. "मला नाही शोभत हा रंग," म्हणाली. "ठेव तुझ्या विहारात." बाबांनी घेतली. मग आत्याने काय केलं, कुणाला काय सांगितलं माहीत नाही, पण वर्षभरात आणखी दोन-तीन साड्या अशाच आल्या. एकीला काठ आवडले नव्हते, एकीकडे जागा नव्हती. एका मामीने मात्र सरळ सांगितलं की ती साडी तिने नेसून संपवली, छान होती. बाबांना तेही आवडलं. ते दोनदा म्हणाले, "संपवली म्हणाली."

बाबा त्या कपाटाजवळच्या पलंगावर वीस-बावीस वर्षं झोपले. स्वतःच्या कप्प्यांतून कपडे बाहेर येऊ लागले तेव्हा त्यांनी गॅलरीत दोरी बांधली, पण त्या बाजूला बनियनसुद्धा ठेवला नाही. बुद्धपौर्णिमेच्या आधी साड्या उन्हात टाकायचे, पुन्हा टांगायचे. नंतर त्यांना ते चांगलं जमायला लागलं होतं, दोन्ही बाजू अगदी सारख्या.

टांगलेली साडीही विरते. हे आईला माहीत नव्हतं आणि जोशीबाईंनाही नसावं. जिथे ती हँगरवर वाकते तिथे धागा झिजतो. रेशमी साडी तिथेच फाटली, एकदा बाबांच्या हातात, उन्हातून आणताना. त्यांनी ती तशीच लावून ठेवली, फाटलेला भाग आत करून. सुती साड्या मी विहारात नेसले आणि जुन्या होऊन गेल्या. बाबा गेल्यावर दादा आला होता, आता त्याचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत. आम्ही दोघांनी बसून राहिलेलं सगळं आवरलं. जांभळी साडी त्याने स्वतःच्या मुलीसाठी नेली. रेशमीचे काठ एका बाईंनी मागितले, त्यांना दिले.

मी याच घरात राहते. आईच्या साड्यांपैकी आता इथे एकही नाही. कपाट आहे, आणि दोन्ही बाजूंना माझे कपडे आहेत.